मदत हवी आहे: मुलाच्या वजनाबद्दल डॉक्टरांशी कसं बोलावं?

केतकी:
मुलगा ९ वर्षांचा, उंची १३५ सेंमी, वजन ४१ किलो. कोथरूडमधल्या डॉक्टरांनी तपासताना त्याच्यादेखत "फार सुटलाय, खाणं कमी करा" एवढंच सांगितलं. तेव्हापासून शाळेचा डबा अर्धा परत येतो. पुढच्या भेटीत विषय कसा काढू? घरी काय बोलावं?

गुलबक्षी:
४१ भागिले १.३५ चा वर्ग, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचं माप) २२.५. नऊ वर्षांच्या मुलासाठी तो खरंच जास्त आहे. निदान बरोबर, सांगणं चुकलं. मोठ्यांचे निकष मात्र लावू नका. ५ ते १८ वयासाठी बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचे, म्हणजे इंडियन अकॅडमी ऑफ पेडिअ‍ॅट्रिक्सचे २०१५चे वाढीचे तक्ते आहेत, मुलामुलींचे वेगळे. फाईलमधली जुनी मापं काढून त्यावर मांडून मागा. रेघ कधीपासून वर वळली ते कळतं.

अपॉइंटमेंट घेतानाच सांगा, "वजनाबद्दल बोलायचंय, यावेळी मुलाला न आणता आम्ही दोघंच येऊ." त्याला बाहेर बाकावर बसवून आत कुजबुजू नका, मुलांना सगळं कळतं. उंची वर्षाला साधारण ५-६ सेंमी वाढतेय का, हे विचारा. वजन वाढतंय आणि उंची अडलीय असं असेल तर थायरॉइडसारखी कारणं तपासावी लागतात. रात्री घोरत असेल तर सांगा. मानेवर, काखेत मखमलीसारखा काळेपणा दिसला तर तो मळ समजून घासू नका. बऱ्याचदा ती इन्सुलिनचा परिणाम कमी होत असल्याची खूण असते.

केतकी:
मग किती किलो उतरवायचं?

पाटीपेन्सिल:
या वयात बहुतेकदा उतरवायचं नसतं, थोपवायचं असतं. वजन ४१ वरच राहिलं आणि उंची १४० झाली की बीएमआय २०.९. म्हणून दर आठवड्याला काट्यावर उभं करू नका. तीन महिन्यांतून एकदा, त्याच काट्यावर, पुरे. उंची अनवाणी मोजा, टाचा भिंतीला, नजर समोर, डोक्यावर जाड पुस्तक काटकोनात. २ सेंमी कमी भरली तरी २२.५चे २३.२ होतात.

घरात "जाड्या" बंद आणि "खात्यापित्या घरचा"ही बंद. आजींना "कमी वाढा" म्हणू नका, "त्याचं त्याला घेऊ द्या" म्हणा. पाकीटबंद ज्यूस आणि वेफर्स घरात कुणासाठीच आणू नका, त्याच्या एकट्यासाठी वेगळा नियम नको.

अर्धा डबा परत येतोय, हे डॉक्टरांना सगळ्यात आधी सांगा. दुपारी उपाशी राहिलेलं मूल संध्याकाळी हाताला लागेल ते खातं. त्याला आजच सांगा, "डबा पूर्ण खायचा. डॉक्टरांशी आम्ही बोलतो."