पंचमच्या आधीचा जॅझ

हिंदी सिनेमात जॅझ पंचमनेच, म्हणजे आर. डी. बर्मननेच आणला, असं म्हटलं जातं. पंचम लाडकाच, पण मग अण्णांचं, म्हणजे संगीतकार सी. रामचंद्रांचं काय? १९५१चा 'अलबेला' घ्या. त्यातल्या 'शोला जो भडके' गाण्यात पडद्यावर दिसणारा वाद्यवृंद खराखुरा आहे: गोव्यातल्या हळदोण्याच्या चिक चॉकलेट या वादकाचा. मुंबईच्या ताज हॉटेलमध्ये ट्रम्पेट वाजवणारा हा माणूस अण्णांचा सहायकही होता. अण्णांची चाल, गोवेकर वादकांचा ब्रास (ट्रम्पेटसारखी पितळी वाद्यं), असा तो मामला. चर्चच्या शाळेत स्वरलिपी शिकल्यामुळे ही मंडळी कागद समोर ठेवून थेट वाजवत. हार्मनी (एकाच वेळी जुळून वाजणारे स्वर), काउंटर मेलडी (मुख्य चालीच्या जोडीने वाजणारी दुसरी सुरावट) बरीचशी त्यांचीच. श्रेयनामावलीत मात्र बहुतेकांची नावंच नसायची, हे खटकतं. हेडफोन लावून नुसते ट्रम्पेटचे तुकडे ऐका, मग बोलू.