मदत हवी आहे: लंडन पायी, आईचे गुडघे आणि बाबांचा हट्ट

नमस्कार मंडळी,

मेच्या शेवटी आई-बाबांना घेऊन चार दिवस लंडनला चाललेय. मुक्काम पॅडिंग्टन स्टेशनजवळ. व्हिसा, तिकिटं, हॉटेल सगळं झालंय, त्यावर सल्ले नकोत. प्रश्न फक्त चालण्याचा आहे.

बाबा ७३. रोज सकाळी पर्वती चढतात आणि दिवसभर ते सगळ्यांना सांगतात. आई ६८, दोन्ही गुडघे कुरकुरतात. सपाट रस्त्यावर तासभर मजेत चालते, पण जिना उतरायचा म्हटलं की तिचा चेहरा बघवत नाही. (चढण्यापेक्षा उतरणं वाईट, हे गुडघेवाल्यांना सांगायला नको.)

काही वर्षांपूर्वी दोघं एका टूर कंपनीबरोबर युरोप करून आले. त्यात लंडन दीड दिवस. बिग बेन दिसलं बसच्या डाव्या खिडकीतून आणि बाबा बसले होते उजवीकडे. त्यांच्या फोटोत पलीकडच्या सीटवरच्या काकूंचा अंबाडा आहे आणि त्याच्यावर घड्याळाचा अर्धा काटा. तेव्हापासून बाबांचं एकच पालुपद: पुन्हा गेलो तर बस नको, लंडन पायी बघायचं.

माझा कच्चा बेत असा. पहिल्या दिवशी ट्रफाल्गर चौकातून व्हाइटहॉलने पार्लमेंट, मग वेस्टमिन्स्टर पूल ओलांडून दक्षिण काठाने थेट टॉवर ब्रिज. नकाशावर साधारण ५ किमी दिसतंय. दुसऱ्या दिवशी सेंट जेम्स पार्क आणि बकिंगहॅम पॅलेस. तिसऱ्या दिवशी ब्रिटिश म्युझियम आणि कॉव्हेंट गार्डन.

चौथा दिवस बाबांचा. ते मराठीचे निवृत्त शिक्षक. चिरोल या इंग्रज पत्रकारावरच्या बदनामीच्या खटल्यासाठी लोकमान्य १९१८-१९ मध्ये लंडनला होते तेव्हा टॅलबट रोडवर ६० नंबरच्या घरात राहिले, तिथे निळी पाटी आहे. आणि बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये जिथे राहिले ते १०, किंग हेन्रीज रोड, जे २०१५ साली महाराष्ट्र सरकारने विकत घेतलं. बाबांना दोन्ही घरं एकाच दिवशी बघायची आहेत. पायी! मधलं अंतर ५ किमीच्या आसपास आहे.

तर, पहिला दिवस आईला झेपेल का? वाटेत बसायला आणि मुख्य म्हणजे स्वच्छतागृहं आहेत का? ट्यूबची (भुयारी रेल्वेची) कुठली स्टेशनं टाळू? आणि चौथ्या दिवसाचं काय करू?

– पर्वतीकन्या

---

थेम्सकाठचा:

ताई, बेत चांगला आहे, फक्त उलटा करा. पॅडिंग्टनहून एलिझाबेथ लाइनने बॉन्ड स्ट्रीट, तिथे ज्युबिली लाइन घेऊन लंडन ब्रिज. सगळीकडे लिफ्ट आहे. तिथून नदीकाठाने आधी पूर्वेला पॉटर्स फील्ड्स बागेपर्यंत जा. टॉवर ब्रिज तिथूनच सगळ्यात छान दिसतो, पुलावर चढायलाच हवं असं नाही. मग मागे फिरून पश्चिमेकडे चालू लागा. शेवट वेस्टमिन्स्टर स्टेशनवर होतो, तिथेही लिफ्ट, आणि त्याच रस्त्याने घरी. ट्रफाल्गर आणि व्हाइटहॉल दुसऱ्या दिवसात घाला, सेंट जेम्स पार्क लागूनच आहे.

काठाचा रस्ता जवळजवळ सपाट. बरो मार्केटच्या पुढे क्लिंक स्ट्रीट नावाची अरुंद गल्ली लागते, तिथे दगडी फरसबंदी आहे. तेवढ्यापुरता आईंचा हात धरा. मग टेट मॉडर्न हे कलासंग्रहालय. प्रवेश फुकट, आत बसायला भरपूर जागा, स्वच्छतागृहं चांगली. चित्रं नाही बघितलीत तरी कुणी विचारत नाही. थकलात तर टेटसमोरच्या बँकसाइड धक्क्यावरून नदीतली बोट पकडून वेस्टमिन्स्टरला उतरा.

नाही थकलात तर पुढचा थांबा रॉयल फेस्टिव्हल हॉल. इथेही बसायला, चहा प्यायला कुणीही आत जाऊ शकतं. तिथली एक काचेची लिफ्ट गाते! वर जाताना स्वर चढत जातात, खाली येताना उतरतात. माझ्या सासूबाई तीन वेळा वर-खाली करून आल्या, चौथ्यांदा मी ओढून बाहेर काढलं.

घाई करू नका. मेअखेरीस रात्री नऊपर्यंत उजेड असतो. अकराला निघालात तरी दिवस पुरून उरतो.

घड्याळजी:

बिग बेन हे घंटेचं नाव. मनोऱ्याला २०१२ पासून एलिझाबेथ टॉवर म्हणतात. त्यामुळे बिग बेन तुमच्या बाबांनाच काय, बसमधल्या काकूंनाही दिसलेलं नाही.

पर्वतीकन्या:

@घड्याळजी, हे बाबांना वाचून दाखवलं. दहा वर्षांचं दुःख निम्म्यावर आलं!

गुडघेदुखी_संघ:

कॉव्हेंट गार्डन स्टेशनवर उतरू नका. तिथे लिफ्ट आहे, पण तिच्यापुढे रांग. कंटाळून लोक जिन्याकडे वळतात आणि तो जिना आहे १९३ पायऱ्यांचा, गोल गोल. पर्वतीच्या १०३ धरा, म्हणजे जवळपास दोन पर्वत्या. बाबांना मोह होईल, त्यांना सांगूच नका. लेस्टर स्क्वेअर आणि पिकाडिली सर्कसलाही पायऱ्या चुकत नाहीत. म्युझियमसाठी एलिझाबेथ लाइनने टॉटनहॅम कोर्ट रोड गाठा, पुढे दहा मिनिटांची चाल. तिथून कॉव्हेंट गार्डनही चालत होतं.

सेंट जेम्स पार्कात अडीचच्या सुमाराला पेलिकनना मासे घालतात. आम्हाला पॅलेसच्या गर्दीपेक्षा त्यातच जास्त मजा आली.

किल्बर्नकर:

चौथ्या दिवसाचं उत्तर माझ्याकडे. टॅलबट रोड पॅडिंग्टनहून चालत वीसेक मिनिटं, रस्ता सपाट. ते घर खाजगी आहे, बाहेरूनच पाटी वाचायची, दार वाजवायचं नाही. (एका पाहुण्याने वाजवलं होतं. नंतर माफी मी मागितली.)

तिथून जवळच चेपस्टो रोड. आम्ही गेलो तेव्हा तिथून ३१ नंबरची बस मिळाली, ती किल्बर्न, स्विस कॉटेज करत अ‍ॅडलेड रोडवर सोडते. किंग हेन्रीज रोड त्या रस्त्याला समांतर, मागचाच. निघायच्या आधी अ‍ॅपवर थांबे बघून घ्या, रस्त्याची कामं निघाली की बदलतात. लोकमान्यांकडून बाबासाहेबांकडे एका बसने! बसमध्ये रोख पैसे घेत नाहीत, प्रत्येकाचं वेगळं कॉन्टॅक्टलेस कार्ड लागेल.

बाबासाहेबांच्या घराचं आता स्मारक आहे, त्याच्या वेळा आधी बघून घ्या. बाबांची चालायची हौस राहिली असेल तर प्रिमरोझ हिल शेजारीच आहे. टेकडी छोटी, पण माथ्यावरून अख्खं लंडन दिसतं. आईंनी खाली बाकावर बसावं.

पर्वतीकन्या:

सगळ्यांचे मनापासून आभार. बेत उलटा केला, कॉव्हेंट गार्डनचा जिना गुपित ठेवलाय.

३१ नंबरवर घरात दोन दिवस वाद झाला. बाबा म्हणाले, बस म्हणजे बसच. मग मी त्यांना दुमजली बसच्या वरच्या मजल्याचा फोटो दाखवला, अगदी पुढची सीट, समोर सगळी काच. पुढे कुणाचाही अंबाडा नाही. दोन मिनिटं बघत राहिले आणि म्हणाले, "ही चालेल."

पण वर जायचं तर जिना आला. आईने जाहीर केलंय की ती खालीच बसणार. म्हणजे बाबा वर, आई खाली, आणि दोघांनाही उतरायचा थांबा माहीत नाही. मी कुठे बसू?