'दिल से' आणि फना

'मौला', 'इबादत' असे शब्द पेरले की झालं सूफी गाणं, हे नेहमीचं म्हणणं बऱ्याच हिंदी गाण्यांना लागू पडतं. 'दिल से' (१९९८) या चित्रपटातल्या गाण्यांना मात्र नाही.

त्यातल्या 'छैंया छैंया'चं मूळ पंजाबी सूफी कवी बुल्लेशाहच्या 'तेरे इश्क नचाया' या काफीत, म्हणजे सूफी पदात आहे. रुसलेल्या गुरूला, शाह इनायतला मनवायला बुल्लेशाह नाचला अशी आख्यायिका. म्हणजे मुळात आळवणी मुर्शिदाची, गुरूची. गुलजारांनी ती प्रेयसीकडे वळवली, पण 'मेरा कलमा वही' (कलमा म्हणजे इस्लाममधलं श्रद्धेचं वचन) म्हणत प्रेमाला श्रद्धेचाच दर्जा ठेवला.

याच चित्रपटातलं 'सतरंगी रे' पुन्हा ऐकाच. आकर्षण, ओढ, प्रेम, श्रद्धा, भक्ती, वेड आणि शेवटी मृत्यू, अशा इश्काच्या सात पायऱ्या त्यात आहेत. चित्रपटाचा शेवटही तिथेच नेतो: मिठी आणि स्फोट.

माझा आक्षेप इथे आहे. सूफींची फना म्हणजे 'मी'पणाचं विरणं. त्यापुढे बका, म्हणजे ईश्वरात टिकून राहणं. चित्रपट फनेचा अर्थ देहाच्या मरणापाशीच थांबवतो. त्या मानाने 'रॉकस्टार'मधलं (२०११) 'कुन फाया कुन' नेमकं आहे. निजामुद्दीन दर्ग्यात नायक प्रेयसी मागत नाही, स्वतःपासून सुटका मागतो.