ए-५०२ चे पाणी : सोसायटीच्या ग्रुपवरील चर्चा

सी-२०१ : सचिव साहेब, आज सकाळी साडेसातला ए-५०२ मधल्या आजी पार्किंगच्या नळावर कळशी भरत होत्या. विचारल्यावर म्हणाल्या की कालपासून घरात पाण्याचा थेंब नाही. मी गच्चीवर जाऊन पाहिले. त्यांच्या लाइनच्या व्हॉल्व्हची मूठ काढून नेलेली आहे आणि उरलेल्या दांड्याला तार गुंडाळलेली आहे. हे कोणाच्या सांगण्यावरून झाले, याचे उत्तर मला समितीकडून आजच हवे आहे.

सचिव : काकू, मालकांचे पत्र आले आहे. करार ३१ मे रोजी संपला, आज १८ जून उजाडला, तरी भाडेकरू जागा सोडत नाहीत. मालकांनी लेखी विनंती केली म्हणून प्लंबरला पाठवले. यात समितीचा कोणताही वैयक्तिक हेतू नाही.

ए-१०४ : आधी हे सांगावे की या भाडेकरूंची माहिती पोलीस ठाण्यात दिलेली आहे की नाही. मागच्या वार्षिक सभेतही मी हेच विचारले होते.

सी-२०१ : मालकाने पत्र दिले की सोसायटीने पाणी तोडायचे, असा ठराव कोणत्या सभेत झाला? भाडेकरूंना या ग्रुपवर घेत नाही, म्हणजे त्यांची बाजू मांडायला इथे कोणीच नाही, म्हणून मला बोलावे लागते आहे.

ए-५०२ (मालक) : नमस्कार. मी नाशिकहून लिहितो आहे. एप्रिलपासून तीनदा फोन केले, प्रत्येक वेळी 'पुढच्या महिन्यात सोडतो' हेच उत्तर मिळाले. दुसऱ्या कुटुंबाला मी शब्द दिला होता, ते कंटाळून दुसरीकडे गेले. फ्लॅटच्या कर्जाचा हप्ता मलाच भरावा लागतो. काकूंना आजींचे दुःख दिसते, माझे कोणालाच दिसत नाही, याचे वाईट वाटते.

बी-३०२ : आपली अडचण खरी आहे आणि कायद्याने ती मान्यही केलेली आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम २४ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सची, म्हणजे ठरावीक काळापुरत्या वापराच्या परवानगीची, मुदत संपताच जागा मालकाच्या ताब्यात द्यावीच लागते, आणि न दिल्यास त्या काळासाठी ठरलेल्या रकमेच्या दुपटीने भरपाई मागता येते. आपले भाडे २२,००० आहे, म्हणजे महिन्याला ४४,००० रुपये. अर्ज सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे याच कायद्याखाली नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, करायचा असतो. समन्स मिळाल्यावर समोरच्याने ३० दिवसांत प्रतिज्ञापत्र देऊन बाजू मांडण्याची परवानगी घेतली नाही, तर आपले म्हणणे मान्य धरले जाते. एवढा मार्ग मोकळा असताना व्हॉल्व्हला हात लावण्याची गरजच काय होती?

सचिव : पण मुदत संपल्यावर ते भाडेकरूच राहत नाहीत, असे वकिलांनी मालकांना सांगितले आहे.

बी-३०२ : अत्यावश्यक सेवा तोडू नयेत असे सांगणाऱ्या कलम २९ मध्ये 'भाडेकरू' हा शब्द आहे आणि लायसन्सवर राहणारा त्यात बसत नाही असा युक्तिवाद होईल, हे मी जाणून आहे. तरीही कलम २४ मध्ये मालकाला दिलेला अधिकार अर्ज करण्याचा आहे, पाणी तोडण्याचा नाही, आणि सोसायटीला तर या भांडणात कोणताच अधिकार दिलेला नाही. मालकाची ना-हरकत नाही एवढ्या कारणावरून भाडेकरूला वीज नाकारता येत नाही, ती मूलभूत सुविधा आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये आपल्याच राज्यातल्या प्रकरणात म्हटले. मग पाण्याबद्दल वेगळे काय सांगणार? आता मालकांना एक विचारतो, करार नोंदणीकृत आहे ना?

ए-५०२ (मालक) : पहिला करार नोंदवला होता. नूतनीकरण ५०० च्या स्टँपवर नोटरीकडून केले. एजंट म्हणाला, ११ महिन्यांसाठी चालते.

बी-३०२ : चालत नाही. सह दुय्यम निबंधक कार्यालयात माझी २९ वर्षे गेली, आणि 'अकरा महिने म्हणजे नोंदणी नको' हे वाक्य तिथे मी रोज ऐकले. त्याच भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, ती जबाबदारी मालकाची आहे, आणि चुकल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. त्याहून मोठे नुकसान असे की नोंदणी नसेल, तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते, जोवर उलट सिद्ध होत नाही. आपल्या कराराला मुद्रांक साधारण सव्वासहाशे आणि नोंदणी फी १,००० लागली असती.

सी-२०१ : आजींचा मुलगा सांगतो की ७५,००० डिपॉझिटमधून रंगकामाचे १८,००० कापणार असे कळल्यापासून त्यांनी बांधाबांध थांबवली. पैसे हातात आल्याशिवाय दुसरीकडचे डिपॉझिट ते भरणार कुठून?

ए-५०२ (मालक) : रंगाची अट करारात स्पष्ट लिहिलेली आहे.

बी-३०२ : त्याच करारात, जो नोंदवलेला नाही.

ए-१०४ : पोलीस ठाण्याच्या माहितीबद्दल अजून कोणीही उत्तर दिलेले नाही.

खजिनदार : विषय निघालाच आहे म्हणून सांगतो, ए-५०२ चे बिनभोगवटा शुल्कही, म्हणजे मालक स्वतः न राहता फ्लॅट भाड्याने देतो तेव्हा सोसायटी घेते ते शुल्क, दोन महिने थकले आहे.

बी-६०३ : आणि ते शुल्क आपण सरसकट ५०० रुपये घेतो, हेही नोंदवा. १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशाप्रमाणे सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांहून अधिक घेता येत नाही. माझे सेवा शुल्क २,६०० आहे, म्हणजे २६० रुपये. दोन वर्षे मी हेच मांडतो आहे.

खजिनदार : आपला अर्ज समितीपुढे आहे. कृपया आज हा मुद्दा मध्ये आणू नये.

बी-६०३ : मुद्दा आपणच आणलात.

सी-२०१ : व्हॉल्व्ह कधी उघडणार, तेवढे सांगा.

सचिव : ९ वाजून ४० मिनिटांनी प्लंबरने मूठ बसवून पाणी सुरू केले आहे. मालकांच्या पत्रावर कार्यवाही करण्यापूर्वी समितीची बैठक घ्यायला हवी होती, ही माझी चूक आहे. श्री. १०४, पहिल्या कराराची पोलीस ठाण्याची पोच फाइलला आहे, नूतनीकरणाची नाही.

ए-१०४ : मग ती मालकांनी द्यावी, एवढेच मी सकाळपासून म्हणतो आहे.

ए-५०२ (मालक) : देतो. रविवारी स्वतः येतो, घर पाहतो आणि ताब्याची तारीख लेखी ठरवून घेतो. भिंतींचे जे खरे नुकसान असेल तेवढेच कापीन. मात्र तारीख पाळली गेली नाही, तर कलम २४ खाली अर्ज करीन.

बी-३०२ : तो आपला हक्कच आहे. चावी आणि उरलेल्या डिपॉझिटचा चेक एकाच वेळी द्यावा-घ्यावा आणि दोघांनी पावतीवर सही करावी. मी हजर राहीन.

सी-२०१ : आजींना सांगून आले. त्यांचा मुलगा रविवारी घरीच थांबणार आहे. पार्किंगच्या नळाशी राहिलेली त्यांची कळशी मी वर पोहोचवली आहे.