मिशनच्या कॉलेजात बी.एस्सी. नर्सिंग: अनुभव धागा

दीपशिखा (धागाकर्ती)

बारावीचे निकाल लागले की तेच प्रश्न पुन्हा येतात. ख्रिस्ती कॉलेजात बाहेरच्या मुलींना घेतात का? प्रार्थनेची सक्ती असते का? वेल्लोर बरं की मिरज-नगरकडचं बरं? जे तिथे शिकले आहेत किंवा शिकवतात, त्यांनी इथे लिहावं. एकच विनंती आहे. आपली कहाणी सांगण्यापेक्षा पुढच्या मुलीला उद्या सकाळी उपयोगी पडेल असं लिहा: कागद कोणते, पायऱ्या कोणत्या, आकडे काय, चूक कुठे होते आणि का होते.

सुरुवातीला एक गोष्ट. कॉलेज मिशनचं असलं तरी पदवी बहुतेक ठिकाणी सरकारी आरोग्य विद्यापीठाची असते. महाराष्ट्रातल्या कॉलेजांची पदवी नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची, तर वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजची (सीएमसी) तमिळनाडूच्या डॉ. एमजीआर वैद्यकीय विद्यापीठाची. अभ्यासक्रम सगळीकडे इंडियन नर्सिंग कौन्सिलचा. मिशनचं वेगळेपण दिसतं ते वॉर्डात, होस्टेलमध्ये आणि शिस्तीत.

कागदपत्र

पात्रता: बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी, विज्ञान विषयांत मिळून 45 टक्के (राखीव वर्गांना सवलत) आणि 31 डिसेंबरला वयाची 17 वर्षं पूर्ण. महाराष्ट्रात सीईटी सेलची बी.एस्सी. नर्सिंगची वेगळी परीक्षा आहे. वेल्लोरची निवड त्यांची स्वतःची, अर्जही वेगळा. एकाचा अर्ज भरला म्हणजे दुसरीकडचा भरला असं होत नाही. दरवर्षी कुणीतरी इथे फसतं.

घटनेच्या कलम 30 प्रमाणे अल्पसंख्याकांना स्वतःच्या संस्था चालवता येतात, म्हणून काही जागा ख्रिस्ती उमेदवारांसाठी असतात. बाकीच्या जागा सर्वांसाठी. ख्रिस्ती जागेसाठी बाप्तिस्म्याचा दाखला आणि मंडळीच्या पाळकांचं पत्र लागतं. घोटाळा होतो तो नावाचा. दाखल्यावर एक नाव, शाळा सोडल्याच्या दाखल्यावर दुसरं, आधारवर आडनाव वेगळं. तपासणीच्या टेबलावर हे सुटत नाही. निकालाची वाट न बघता आधीच प्रतिज्ञापत्र करून घ्या. नाव खरोखर बदललं असेल तर राजपत्रातली नोंदही हवी.

तिसरी वाट स्पॉन्सरशिपची. एखादं चर्च किंवा मिशन हॉस्पिटल तुमचं नाव पाठवतं आणि पदवीनंतर तुम्ही त्यांच्या हॉस्पिटलात काही काळ, बहुधा दोन वर्षं, काम करायचं असतं. सही करण्याआधी चार गोष्टी लेखी मागा: सेवा किती वर्षं, कुठल्या गावी, त्या काळात पगार किती आणि मध्येच सोडलं तर भरायची रक्कम किती. मूळ प्रमाणपत्रं कुणाकडे राहणार हेही विचारा. साक्षांकित प्रतींचे दोन संच घरी असू द्या.

जुनीमिरज

वर राहिलेलं एक. एकाच आवारात जीएनएम आणि बी.एस्सी. दोन्ही चालतात आणि पालक गोंधळतात. जीएनएम तीन वर्षांची पदविका आहे, बी.एस्सी. चार वर्षांची पदवी. मिशन हॉस्पिटलांच्या जीएनएमची परीक्षा बऱ्याच ठिकाणी ख्रिश्चन मेडिकल असोसिएशनच्या नर्सेस लीगचं बोर्ड घेतं, विद्यापीठ नाही. जीएनएमनंतर दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बी.एस्सी. केलं की पदवी मिळते. घरची परिस्थिती ओढगस्तीची असेल तर ही वाट कमी प्रतीची मुळीच नाही. मिशनरी डॉक्टर वॉन्लेस साहेबांनी मिरजेत 1894 साली हॉस्पिटल उभं केलं तेव्हापासून या भागात मिशनच्या सिस्टरांच्या हाताला मान आहे, आणि तो पदविकावाल्या सिस्टरांनीच मिळवलेला आहे.

चॅपलबद्दल

चॅपलमधल्या (प्रार्थनागृहातल्या) प्रार्थनेच्या सक्तीचा प्रश्न. घटनेचं कलम 28 (3) स्पष्ट आहे: शासनमान्य किंवा अनुदानित संस्थेत कुणालाही स्वतःच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही. विद्यार्थी अज्ञान असेल तर पालकांची संमती लागते. प्रवेश अर्जात तशी ओळ असते आणि बहुतेक जण न वाचता सही करतात. ती वाचा.

रोजचं चित्र साधारण असं: पहाटे उठणं, सकाळची छोटी प्रार्थना, न्याहारी, सातच्या आधी वॉर्डात. प्रार्थनेला सगळ्या उभ्या असतात. गाणं म्हणायचं की गप्प राहायचं हे जिचं तिने ठरवायचं, आणि चांगल्या संस्थांमध्ये त्यावर कुणी बोट ठेवत नाही. नाताळाला वॉर्डावॉर्डातून कॅरोल गातात, त्यात सगळ्या धर्मांच्या मुली असतात. दिवाळीची सुट्टी मात्र लहान असते, दक्षिणेत तर फारच. घरच्यांना आधीच सांगून ठेवा.

दीपप्रज्वलनाच्या दिवशी जी नाइटिंगेल प्रतिज्ञा घेतात, ती नाइटिंगेलबाईंनी लिहिलेली नाही. ती 1893 साली अमेरिकेत डेट्रॉइटला लिस्ट्रा ग्रेटर आणि त्यांच्या समितीने तयार केली. व्हायव्हात (तोंडी परीक्षेत) हा प्रश्न येतो.

ट्यूटरबाई

पहिल्या वर्षी सगळ्यात सोपं वाटतं आणि सगळ्यात जास्त चुकतं ते बीपी. नीट लिहिते.

पेशंट पाच मिनिटं शांत बसलेला हवा. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड हृदयाच्या पातळीला आणि आधारावर. बोलणं बंद, त्याचंही आणि तुमचंही. कफच्या आतल्या फुग्याची रुंदी दंडाच्या घेराच्या निदान 40 टक्के आणि लांबी 80 टक्के असावी. जाड दंडाला लहान कफ बांधला की बीपी खोटं जास्त येतं आणि बाईला नसलेल्या आजाराची गोळी सुरू होते. कफची खालची कड कोपराच्या घडीच्या दोन-तीन सेंटीमीटर वर. स्टेथोस्कोप लगेच लावायचा नाही. आधी मनगटाची नाडी धरून कफ फुगवा, नाडी नाहीशी होते तो आकडा लक्षात ठेवा आणि हवा पूर्ण सोडा. थोडं थांबून पुन्हा त्या आकड्याच्या 30 वर फुगवा आणि सेकंदाला 2 ते 3 मिलिमीटर या गतीने सोडा. ही नाडीची पायरी गाळली तर काही पेशंटमध्ये मधे आवाज गायब होतो, तिथे फसून वरचा आकडा कमी लिहिला जातो. हवा भसकन सोडली तर वरचा कमी आणि खालचा जास्त येतो.

वॉर्डातल्या वीस पेशंटांचं बीपी 120/80 असलेला तक्ता दिसला की इनचार्ज सिस्टरला कळतं की कफ कुणाच्याच दंडाला लागलेला नाही. ऐकू आलं तेवढंच लिहा, 126 आलं तर 126.

श्वास मोजताना पेशंटला सांगू नका. नाडीवरची बोटं तशीच ठेवून छातीकडे पाहा, पूर्ण एक मिनिट. सांगितलं की तो श्वास बदलतो.

थेंबांचा हिशेब

सलाईन आणि इन्शुलिन, या दोन ठिकाणी गणित चुकून चालत नाही.

थेंब प्रति मिनिट = मिली × सेटचा थेंब-आकडा (त्या सेटमधून एका मिलीचे किती थेंब पडतात) ÷ मिनिटं. 500 मिली 8 तासांत, सेट 20 थेंबांचा: 500 × 20 ÷ 480 = 20.8, म्हणजे 21 थेंब. तोंडी करायचं तर तासाच्या मिलीला 3 ने भागा. मायक्रो सेट 60 थेंबांचा असतो, त्यात तासाचे मिली म्हणजेच मिनिटाचे थेंब. सेटचा आकडा पाकिटावर छापलेला असतो आणि तोच वाचला जात नाही. 15 थेंबांच्या सेटवर 21 थेंब लावले तर 8 तासांची बाटली 6 तासांत संपते. हृदयाच्या किंवा किडनीच्या पेशंटला तेवढंही धोक्याचं ठरतं.

इन्शुलिनच्या कुप्या आपल्याकडे दोन ताकदीच्या मिळतात, मिलीला 40 युनिट आणि मिलीला 100 युनिट. लाल टोपीची सिरिंज 40 साठी, केशरी टोपीची 100 साठी. 40 चं इन्शुलिन केशरी सिरिंजमध्ये 20 च्या खुणेपर्यंत ओढलं तर पेशंटला जातात 8 युनिट. उलट केलं, म्हणजे 100 चं इन्शुलिन लाल सिरिंजमध्ये 20 पर्यंत घेतलं, तर जातात 50 युनिट. दुसरी चूक जीव घेऊ शकते. कुपी आणि टोपी शेजारी धरून दुसऱ्या सिस्टरला दाखवायची, मगच टोचायचं. मिशनच्या बऱ्याच वॉर्डात दोन सह्यांशिवाय इन्शुलिन देत नाहीत. विद्यार्थिनींना त्याचा जाच वाटतो, पण ही सवय आयुष्यभर सोडू नये.

लेबर रूम

थोडक्यात. बाळ जन्मल्यावर, पोटात दुसरं बाळ नाही हे पाहून, एका मिनिटाच्या आत आईला ऑक्सिटोसिन 10 युनिट स्नायूत. बाळ नीट रडत असेल तर नाळ 1 ते 3 मिनिटांनी बांधायची. वार पूर्ण आली का हे उजेडात पसरून पाहायचं, तुकडा आत राहिला तर रक्तस्राव थांबत नाही. ऑक्सिटोसिन फ्रिजमध्ये, 2 ते 8 अंशांत. ट्रेमध्ये सकाळपासून उघड्यावर पडलेल्या ॲम्प्युलची ताकद उतरते. मग इंजेक्शन देऊनही गर्भाशय का आवळत नाही, हे कुणाला कळत नाही.

वेल्लोरकरीण

वेल्लोरबद्दल विचारलंय म्हणून. मिशनरी डॉक्टर आयडा स्कडर यांनी 1900 साली एका खाटेवर सुरुवात केली. परिचारिकांचं शिक्षण 1909 पासून आणि पदवी 1946 पासून. देशात नर्सिंगची पदवी त्याच वर्षी दिल्लीला आणि इथे सुरू झाली. ब्रीद बायबलमधलं आहे: सेवा करून घ्यायला नाही, तर सेवा करायला. तिथल्या वरिष्ठ सिस्टर स्वतः पेशंटचं अंथरूण बदलतात तेव्हा ते ब्रीद डोळ्यांना दिसतं.

भाषा हा खरा अडसर. बंगाली आणि हिंदी बोलणारे पेशंट खूप येतात, पण गावांमधल्या पोस्टिंगला तमिळशिवाय गत्यंतर नाही. जाण्याआधी एवढं तरी पाठ हवं: वलिक्कुदा (दुखतंय का), एंगे (कुठे), साप्टींगळा (जेवलात का), मरुंदु (औषध), मूच्चु इऴुत्तु विडुंगा (श्वास ओढून सोडा). उत्तर समजलं नाही तर मान डोलवू नका. दुभाषी म्हणून शेजारच्या खाटेवरच्या नातेवाइकाला बोलावू नका, पेशंटचं खासगी दुखणं त्याच्यासमोर उघडं पडतं. वॉर्डातल्या तमिळ मैत्रिणीला हाक मारा.

कॉलेजचा स्वतःचा समाज-आरोग्य विभाग आहे, कॉन्च म्हणतात. घरभेटीची पिशवी तिथे शिस्तीने वापरावी लागते. पिशवी जमिनीवर नाही, स्वच्छ वर्तमानपत्रावर ठेवायची. साबण आणि टॉवेल वरच्या कप्प्यात, कारण आधी हात धुवायचे आणि मगच आतला भाग उघडायचा. लागणारं सगळं एकदाच बाहेर काढून पिशवी बंद करायची. वापरलेलं वेगळ्या पाकिटात, पुन्हा हात, मग वर्तमानपत्राची खालची बाजू आत येईल अशी घडी. घरांचा क्रमही ठरलेला: आधी नवजात आणि बाळंतीण, मग गरोदर बाया, जखमा आणि संसर्गाचे पेशंट शेवटी. जवळ पडतं म्हणून क्रम उलटवला की एका घराचा जंतू दुसऱ्या घरच्या पाळण्यापर्यंत पोचतो.

शांताराम_स्टाफनर्स

मुलांना प्रवेश मिळतो का, असं एकाने विचारलं होतं. काही मिशन कॉलेजं फक्त मुलींची आहेत, काही दोघांची. माहितीपुस्तिका पाहा आणि मुलांसाठी होस्टेल आवारात आहे का ते विचारा. बाहेर खोली घेतली तर सकाळच्या ड्युटीला पोचणं अवघड जातं.

लॉगबुक

2021 पासून नवा अभ्यासक्रम आहे: आठ सेमिस्टर, त्यातलं शेवटचं इंटर्नशिपचं. थिअरीला 80 टक्के हजेरी असली की परीक्षेला बसता येतं. प्रॅक्टिकलचे तास मात्र पदवीआधी 100 टक्के भरावेच लागतात. ताप आला, घरी लग्न झालं, कारण कुठलंही असो, बुडलेली ड्युटी सुट्टीत भरून द्यावी लागते.

लॉगबुकवर (केलेल्या कामांच्या नोंदवहीवर) सही त्याच दिवशी, ज्यांनी काम पाहिलं त्यांचीच घ्या. सेमिस्टरअखेर चाळीस सह्या एकदम मागायला गेलं की त्या सिस्टरची बदली झालेली असते आणि केलेलं काम न केल्यासारखं होतं.

केअर प्लॅनमध्ये (पेशंटच्या शुश्रूषेच्या लेखी आराखड्यात) हमखास होणारी चूक म्हणजे नर्सिंग डायग्नोसिसच्या रकान्यात डॉक्टरांचं निदान. 'न्यूमोनिया' हे तिथे चालत नाही. 'घट्ट कफ आणि दुबळ्या खोकल्यामुळे श्वासमार्ग मोकळा न राहणं' हे चालतं, कारण त्यावर सिस्टर स्वतः काही करू शकते: उशी उंच करणं, पाणी, वाफ, खोकायला शिकवणं. उद्दिष्टही मोजता येईल असं लिहा. 'पेशंटला बरं वाटेल' यावर गुण मिळत नाहीत. 'संध्याकाळपर्यंत श्वास मिनिटाला 24 च्या खाली' यावर मिळतात.

दीपशिखा

ट्यूटरबाई, बीपीचं आणि थेंबांच्या हिशेबाचं लिखाण छापून भिंतीवर लावण्यासारखं आहे. पदवी हातात आल्यावर पुढे काय, यावर कुणी लिहील का?

परदेशवारी

पदवीनंतर पहिलं काम नोंदणी. ज्या राज्यात शिकलात त्या राज्याच्या कौन्सिलकडे आधी नोंदणी होते. वेल्लोरहून महाराष्ट्रात नोकरीला यायचं तर तमिळनाडूची नोंदणी झाल्यावर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे बदलून घ्यायची. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या ऑनलाइन नोंदवहीत आधारवरून क्रमांक मिळतो, म्हणून तिथेही नावाचं स्पेलिंग तेच हवं.

बाहेर जायचं असेल तर अमेरिकेसाठी एनक्लेक्स, म्हणजे तिथल्या नर्सच्या परवान्याची परीक्षा. संगणकावरच्या या परीक्षेत किमान 85 आणि कमाल 150 प्रश्न येतात. इंग्रजीसाठी ओईटी ही आरोग्य क्षेत्रातल्यांची भाषा-परीक्षा बऱ्याच देशांत चालते. पण मुली अडकतात त्या ट्रान्सक्रिप्टवर (कॉलेजने द्यायच्या शिक्षणाच्या तपशीलवार उताऱ्यावर). परदेशी मंडळांना नुसते गुण पुरत नाहीत, विषयवार थिअरीचे आणि वॉर्डातले तास वेगवेगळे मागतात: बालरोग, मनोरुग्ण, प्रसूती, समाज-आरोग्य. ते कॉलेजने आपल्या शिक्क्यासह थेट पाठवायचे असतात. दहा वर्षांनी मागितले तर जुन्या नोंदी शोधण्यात महिने जातात. कॉलेज सोडायच्या आठवड्यातच तासांच्या तपशिलासह ट्रान्सक्रिप्टचा अर्ज द्या, दोन-तीन सीलबंद प्रती घेऊन ठेवा, पाकिटं फोडू नका, आणि स्वतःसाठी एक उघडी प्रत स्कॅन करून ठेवा. अभ्यासक्रमाची त्या वर्षीची पुस्तिकाही जपा, कारण तुमच्यानंतर अभ्यासक्रम बदलला तर तुम्ही काय शिकलात हे तीच सांगते.