मदत हवी आहे: पनामाच्या जोड्यांपैकी घड्याळ लावायला कुठली जोडी घेऊ?

एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी अल्फियस कोळंबीवर काम करतेय, तीच जी एक मोठी नांगी कट्कन वाजवते. पनामाची जमीन साधारण ३० लाख वर्षांपूर्वी पूर्ण जुळली आणि पॅसिफिक-कॅरिबियन वेगळे झाले, म्हणून दोन्हीकडच्या बहीण-जाती (एकाच पूर्वज जातीपासून फुटलेल्या जोड्या) घेऊन मॉलेक्युलर क्लॉक लावायचंय, म्हणजे डीएनए किती वेगाने बदलतो ते काढायचंय.

जेनबँक या डीएनए डेटाबेसवरून सीओआय या मायटोकॉन्ड्रियातल्या जीनचे सिक्वेन्स घेतले, अलाइन केले, मेगा सॉफ्टवेअरमध्ये जोडीतल्या दोन जातींमधली जनुकीय अंतरं काढली. पण प्रत्येक जोडीचं अंतर वेगळं! सगळ्यांना ३० लाखांनी भागलं तर रेट कुठल्या कुठे जातो, आणि सरासरी काढणं मला पटत नाही कारण खोल पाण्यातल्या जाती आधीच तुटल्या असणार, खारफुटीतल्या उथळ पाण्यातल्या सगळ्यात शेवटी. नॅन्सी नोल्टन आणि ली वाइट यांचा १९९८चा पेपर वाचलाय, त्यांनी सगळ्यात कमी अंतराच्या जोड्या धरून दर १० लाख वर्षांना १.४ टक्के रेट दिलाय.

जमीन ३० लाख वर्षांच्याही खूप आधी जुळली असं म्हणणारे २०१५चे पेपरही पाहिलेत, तो वाद सध्या बाजूला ठेवते. न्यूक्लियर जीनचा डेटा नाहीये, जीवाश्मही नाहीत, आणि सबमिशनला दोनच आठवडे उरलेत.

मला एवढंच हवंय: कमी अंतर दिसलं म्हणून तीच जोडी ३० लाखांची धरायची, हे गोल गोल फिरणं नाही का? की जोडी आधी फक्त अधिवासावरून, म्हणजे खारफुटीतली म्हणून निवडली आणि अंतर नंतर पाहिलं, तर ते चालेल?