शब्दचर्चा : ‘फुजी’ आणि ‘बॅरिस्टर’

प्रश्न

नायजेरियातील योरुबाभाषक गायक सिकिरू आयिंदे बॅरिस्टर यांच्यावर मराठीत परिचयलेख लिहिताना दोन शब्दांपाशी अडलो आहे. पहिला शब्द त्यांच्या नावातला ‘बॅरिस्टर’. मराठीच्या रीतीप्रमाणे ‘बॅ.’ असे संक्षेपाने नावाआधी लिहावे, की तो शब्द आहे तिथेच ठेवावा? दुसरा शब्द त्यांच्या गायनप्रकाराचा, म्हणजे ‘फुजी’. आपल्याकडे हा शब्द ऐकला की जपानचा पर्वत किंवा छायाचित्रांचा जुना रोल आठवतो. आफ्रिकेतल्या संगीताला हे नाव कसे मिळाले, आणि मराठीत त्याचे लिंग कोणते धरावे? जाणकारांनी शब्दांबरोबर चरित्राचे धागेही दिले तर उपकृत होईन.

उत्तर

‘बॅ.’ असे कृपया लिहू नये, कारण हे गृहस्थ वकील नव्हते. त्यांचे जन्मनाव सिकिरू ओलोलादे आयिंदे बालोगुन. जन्म ९ फेब्रुवारी १९४८ रोजीचा, घराणे इबादान शहराचे, वडील खाटिकाचा व्यवसाय करणारे आणि आई व्यापार करणारी. शाळेची फी भरणे आईवडिलांना जमेना म्हणून त्यांचे शिक्षण मध्येच सुटले, आणि पुढे लागोसमधील याबा येथे टंकलेखनासारखे कारकुनी विषय शिकून ते नायजेरियन ब्रुअरीज या कंपनीत लघुलेखक म्हणून लागले. १९६७ ते १९७० या काळात चाललेल्या यादवी युद्धात त्यांची लष्करात कारकून म्हणून भरती झाली. ओनित्शा आणि अबागाना या आघाड्यांवर ते होते, आणि युद्धानंतरही काही काळ लष्करी नोकरीत राहून मगच त्यांनी पूर्णवेळ गाण्याचा मार्ग धरला. या सगळ्या प्रवासात सनद कोठेच नाही.

मग ‘बॅरिस्टर’ हा शब्द काय करतो आहे, हे समजण्यासाठी तो नावात कोठे बसतो ते पाहावे. नायजेरियात वकिलांच्या नावाआधी ‘बॅरिस्टर’ लिहिण्याची प्रथा आजही जोमात आहे, आणि ती आपल्या ‘बॅ. नाथ पै’, ‘बॅ. अंतुले’ या प्रथेसारखीच आहे. या गायकाच्या बाबतीत मात्र शब्द शेवटी येतो, म्हणजे तो पदवीच्या नव्हे तर आडनावाच्या जागी बसला आहे. मंचावर आणि ध्वनिमुद्रिकांवर ‘बालोगुन’ मागे पडले आणि ‘बॅरिस्टर’ पुढे आले. बालोगुन हा मुळात सेनानायकाचा हुद्दा, जो आपल्या ‘सरनोबत’प्रमाणे आडनाव होऊन बसला आहे, तेव्हा एका हुद्द्याची जागा दुसऱ्या हुद्द्याने घेतली, एवढेच येथे घडले, असे मला वाटते.

याहून ठोस पुरावा शिष्याच्या नावात सापडतो. १९७० च्या दशकात बॅरिस्टर यांच्या वाद्यवृंदात वासिऊ नावाचा तरुण होता. गुरूच्या संमतीने त्याने ‘आयिंदे’ हे नाव घेतले, आणि पुढे अनेक वर्षे त्याच्या ध्वनिमुद्रिका ‘वासिऊ आयिंदे बॅरिस्टर’ या नावाने निघत राहिल्या. ‘मार्शल’ हे बिरुद त्याने नंतर धारण केले. वकिलीची सनद गुरूकडून शिष्याकडे जात नाही, घराण्याचे नाव जाते.

‘आयिंदे’ हेही कुळनाव नाही, याची नोंद लेखात अवश्य घ्यावी. योरुबा समाजात मुलाला नावाखेरीज एक ‘ओरिकी’ दिली जाते, म्हणजे लाडाने आणि गौरवाने हाक मारण्याचे नाव. आयिंदे, आयिनला, अकान्नी, अलाओ ही पुरुषांची ओरिकी. अबेके, अबेनी ही स्त्रियांची. त्यामुळे कोलिंग्टन आयिनला हे फुजी गायक आणि आयिनला ओमोवुरा हे आपाला (योरुबा मुसलमानांतील आणखी एक तालवाद्यप्रधान गायनप्रकार) गायक एकाच घरातले असावेत, असा समज वाचकाने करून घेऊ नये. दोघांची ओरिकी तेवढी एक आहे. ‘ओरिकी’साठी आपल्याकडे ‘बिरुद’ हा शब्द सुचतो, पण बिरुद पराक्रमाने मिळवावे लागते आणि ही ओरिकी पाळण्यातच मिळते. त्याच नावाने ओळखले जाणारे दीर्घ स्तुतिकाव्य ही आणखी वेगळी गोष्ट. त्यासाठी ‘बिरुदावली’ चालेल.

एक शंका

मराठीतही ‘बॅ.’ हा शब्द सनदेला इतका बांधलेला आहे का? ग्रेज इन या लंडनमधील बॅरिस्टरांच्या संस्थेने १९०९ मध्ये सावरकरांना बॅरिस्टर म्हणून घेण्याचे नाकारले, तरी महाराष्ट्राने त्यांना ‘बॅरिस्टर सावरकर’ म्हणणे थांबवले नाही. मग या गायकालाच ‘बॅ.’ नाकारणे काटेकोरपणाचा अतिरेक ठरणार नाही का?

उत्तर

शंका रास्त आहे, परंतु दोन्ही उदाहरणे एका जातीची नाहीत. सावरकरांनी कायद्याचा अभ्यास पुरा केला होता आणि उत्तीर्णही झाले होते. जे नाकारले गेले ते लोकांनी आपल्या बाजूने बहाल केले. सिकिरू आयिंदे यांच्या बाबतीत कायद्याचा प्रश्नच उद्भवत नाही. फुजी गायकांनी नावे घेतली ती भारदस्त आणि इंग्रजी वळणाची: कोलिंग्टन आयिनला स्वतःला ‘जनरल’ म्हणवीत, वासिऊ ‘मार्शल’ झाले, आणि बॅरिस्टर यांच्या वाद्यवृंदाचे नाव होते ‘सुप्रीम फुजी कमांडर्स’. बॅरिस्टर आणि कोलिंग्टन हे दोघेही लष्करात राहून आले होते, हे लक्षात घेतले तर ‘कमांडर्स’ आणि ‘जनरल’ यांचे मूळ फार लांब शोधावे लागत नाही. नावातली गंमत स्वतः बॅरिस्टर यांना चांगली ठाऊक असावी, कारण लागोसच्या इसोलो भागातील आपल्या घराचे नाव त्यांनी ‘फुजी चेंबर्स’ ठेवले होते. वकिलाची कचेरी असावी असे हे नाव, आणि आत मात्र ढोल.

‘अलहाजी’ आणि ‘डॉक्टर’ हे दोन शब्दही त्यांच्या नावाला जोडलेले दिसतील. पहिला म्हणजे आपला ‘हाजी’, अरबी उपपद ‘अल’ कायम ठेवून. दुसरा मानद पदवीचा. हे दोन्ही नावाआधीच येतात, तेव्हा मराठीत ‘हाजी’ करून टाकण्याऐवजी नायजेरियातले रूप ‘अलहाजी’ तसेच ठेवावे.

‘फुजी’ या शब्दाविषयी

हा शब्द समजण्यासाठी रमजानच्या पहाटेपर्यंत मागे जावे लागते. उपवास सुरू होण्यापूर्वीच्या जेवणाला योरुबा मुसलमान ‘सारी’ म्हणतात. आपल्याकडची ‘सहरी’ आणि ही ‘सारी’ या दोन्ही एकाच अरबी शब्दाच्या लेकी. त्या जेवणासाठी वस्तीला जागे करणारी तरुण मुलांची टोळी गात, वाजवत गल्लीबोळांतून फिरे, तिला ‘अजिसारी’ असे नाव, आणि त्या गाण्याला ‘वेरे’. मुंबईपुण्याच्या मुस्लिम मोहल्ल्यांत सहरीला उठवत फिरणारे ज्यांनी ऐकले आहेत, त्यांना ही कल्पना परकी वाटणार नाही. फरक इतकाच की लागोस आणि इबादानमध्ये या टोळ्यांची आपसांत चढाओढ लागे आणि चांगल्या गळ्याचा मुलगा महिनाभरात वस्तीत नावारूपाला येई. सिकिरू दहा वर्षांचे असतानाच वेरे गाऊ लागले होते.

त्यांचे खरे कर्तृत्व मी यात मानतो की महिनाभर चालणारे हे गाणे त्यांनी वर्षभराचे केले. लग्न, नामकरण, वृद्धाच्या निधनानंतरची मेजवानी अशा प्रसंगी उभे राहायचे तर वेरेचा जुना साज अपुरा होता. म्हणून त्यांनी साकारा या योरुबा संगीतप्रकारातला मातीच्या कड्यावर कातडे ताणलेला ढोल, आपालातील म्हणी आणि उपदेशांची रेलचेल, बोलणारे ढोल आणि जुजू या योरुबा संगीतप्रकारातील काही अंश एकत्र आणला; फुजी हे या सर्वांचे मिश्रण आहे, असे ते स्वतःच सांगत. जुजूचा कणा गिटार, तर फुजीचा कणा तालवाद्ये. तीसहून अधिक वादक आणि साथीचे गायक घेऊन ते मंचावर येत. योरुबा भाषेत उच्च, मध्यम आणि नीच अशा तीन स्वरपातळ्यांनी अर्थ बदलतो, त्यामुळे बोलणारा ढोल त्या पातळ्यांची नक्कल करून खरोखरच वाक्ये बोलतो. देवनागरीत या पातळ्या दाखवता येत नाहीत, म्हणून आपण लिहितो ती योरुबा नावे अर्धीच असतात, हे मान्य करून पुढे जावे लागते.

आता नावाचे. बॅरिस्टर यांनी मुलाखतीत सांगितलेली हकिकत अशी की एका विमानतळावर त्यांना जपानच्या फुजी पर्वताची जाहिरात दिसली, शब्द आवडला आणि त्यांनी तो आपल्या गाण्याला दिला. दुसरीकडे योरुबात ‘फाजी’ असा शब्द आहे, अर्थ मौजमजा, आणि ‘फुजी’ त्यावरून आला असे मानणारेही आहेत. माझ्या मते शब्द देणाऱ्याची साक्ष डावलण्याचे कारण नाही. परंतु परका शब्द लोकांच्या तोंडी इतक्या सहज रुळला, यात ‘फाजी’च्या नादाचा वाटा असणे अगदी शक्य आहे. उगम आणि रुळणे या दोन प्रश्नांची उत्तरे एकच असावीत, असा नियम नाही.

एक भर

बॅरिस्टर यांच्या १९७६ च्या एका ध्वनिमुद्रिकेच्या नावात ‘लव्ह इन टोकियो (इंडिया साउंड)’ असे शब्द आहेत. त्याच नावाचा हिंदी चित्रपट १९६६ मध्ये आला होता आणि त्याला शंकर-जयकिशन यांचे संगीत होते. हिंदी चित्रपट नायजेरियात आवडीने पाहिले जात, हे सर्वज्ञात आहे. तेव्हा ‘फुजी’ची वाट मुंबईमार्गे तर जात नसेल?

उत्तर

तर्क मोहक आहे, परंतु तो शब्दाला लागू करू नये. ‘इंडिया साउंड’ या दोन शब्दांवरून भारतीय चित्रपटसंगीत त्यांच्या कानावर होते आणि त्याचा उल्लेख करणे त्यांना श्रोत्यांच्या दृष्टीने फायद्याचे वाटत होते, इतके निश्चित म्हणता येते. तेवढी नोंद आपल्या लेखात जरूर द्यावी, मराठी वाचकाला ती आवडेल. नावाची व्युत्पत्ती मात्र विमानतळावरच राहू द्यावी.

आणखी एक शब्द

मेजवानीत गायकाच्या कपाळावर नोटा चिकटवण्याच्या प्रथेला तिकडे ‘स्प्रे करणे’ म्हणतात. मराठीत ‘दौलतजादा’ लिहावे का?

उत्तर

लिहावे, पण एका वाक्याचा खुलासा जोडून. तमाशात पैसे देणाऱ्याचे नाव पुकारले जाते, फुजीत त्याच्या कुळाची ओरिकी गायली जाते. इथवर साम्य पक्के आहे. मात्र योरुबा मेजवानीत देणारा स्वतः नाचत पुढे येतो आणि यजमानावर किंवा नवरानवरीवरही नोटा लावतो, म्हणजे ती केवळ कलावंताची बिदागी नसते. नायजेरियाच्या मध्यवर्ती बँकेविषयीच्या २००७ च्या कायद्याने नोटांची अशी उधळण गुन्हा ठरली आहे.

लिंगाविषयी

शब्द ईकारान्त असल्याने ‘ठुमरी’, ‘कव्वाली’ यांच्या धर्तीवर ‘ती फुजी’ लिहिण्याचा मोह होईल. ठुमरी म्हणजे एक रचना, ती मोजता येते. फुजी हे मात्र संगीतप्रकाराचे नाव असून त्याच्यामागे ‘संगीत’ हा शब्द अध्याहृत आहे. म्हणून ‘जॅझ’प्रमाणे नपुंसकलिंगी एकवचन धरावे आणि ‘त्यांचे फुजी’, ‘फुजी ऐकले’, ‘फुजी गायक’ असे लिहावे. १९८० च्या दशकात त्यांनी रूढ केलेल्या ‘फुजी गार्बेज’ या शैलीनामाचे ‘फुजी कचरा’ असे भाषांतर करू नये. ते विशेषनाम आहे. निधनाची नोंद १६ डिसेंबर २०१०, लंडन अशी करावी, आणि तिथेही ‘अलहाजी सिकिरू आयिंदे बॅरिस्टर’ असे पूर्ण नाव याच क्रमाने लिहावे.